जालीम औषधाचा जमाखर्च

शिवाजीनगर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पुण्याचे शिवाजीनगर उभे राहते. पण एके काळी शहाजीराजांची जहागीर असलेल्या बंगळूर शहरातही एक शिवाजीनगर आहे. पूर्वी ब्लॅकपल्ली या नावाने ओळखला जाणारा हा जुन्या लष्करी छावणीचा भाग. रसेल मार्केटची वर्दळ, सेंट मेरीज बॅसिलिकेचा उंच मनोरा, बसस्थानकाचा अखंड गलबला आणि या साऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर बाउरिंग व लेडी कर्झन रुग्णालय. म्हैसूरचे तत्कालीन आयुक्त लेविन बाउरिंग यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या साठीत उभ्या राहिलेल्या या सरकारी रुग्णालयाला पुढे स्त्रियांसाठीचे लेडी कर्झन रुग्णालय जोडले गेले. दीडशे वर्षांहून अधिक काळ बंगळूरच्या गोरगरिबांनी येथे उपचार घेतले आहेत.

मे २०२१ मध्ये हे रुग्णालय एका वेगळ्याच कारणाने साऱ्या कर्नाटकाच्या परिचयाचे झाले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतून सावरू पाहणाऱ्या रुग्णांना म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य विकाराने गाठले होते. लोकांच्या तोंडी त्याचे नाव ‘काळी बुरशी’ असे झाले. या रुग्णांच्या उपचारासाठी कर्नाटक सरकारने बंगळूरमध्ये बाउरिंग रुग्णालयाची निवड केली. रुग्णांना तेथे जे प्रमुख औषध द्यावयाचे होते, ते बुरशीइतकेच धाक घालणारे होते. ‘रोगापेक्षा इलाज भयंकर’ ही आपल्याकडची म्हण. तिच्यातील तथ्य किती आणि अतिशयोक्ती किती, याचा निवाडा त्या दिवसांत प्रत्येक खाटेपाशी करावा लागत होता.

शक्तिशाली औषध घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न कधी ना कधी प्रत्येक घराच्या दारात येतो. कोणी औषधाच्या दुकानात जाऊन ‘जरा स्ट्राँग गोळ्या द्या’ म्हणतो, तर कोणी ‘फार उष्ण पडतात’ म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तिसऱ्याच दिवशी बंद करतो. वरवर पाहता ही दोन टोके वाटतात. पण दोघांची चूक एकच असते. जमेची आणि खर्चाची बाजू शेजारी शेजारी मांडून न पाहताच दोघांनीही निर्णय घेतलेला असतो.

एका उन्हाळ्याची गोष्ट

म्युकरमायकोसिसची बुरशी परदेशातून आलेली नव्हती. ती मातीत, कुजलेल्या पाल्यात, शिळ्या अन्नात सर्वत्र असते. निरोगी माणसाचे शरीर तिला थारा देत नाही. परंतु रक्तातील साखर आटोक्याबाहेर गेलेली असली आणि प्रतिकारशक्ती दबलेली असली, तर हीच बुरशी नाकावाटे शिरून सायनस, डोळा आणि शेवटी मेंदूपर्यंत पोहोचते. रक्तवाहिन्यांत शिरून ती रक्तपुरवठा तोडते आणि त्या भागातील पेशी मरून काळ्या पडतात. अनेक रुग्णांचा डोळा किंवा जबड्याचा भाग शस्त्रक्रियेने काढावा लागला. देशभरात त्या वर्षी पन्नास हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. महाराष्ट्राला तिचा फटका फार मोठा बसला. केंद्र सरकारने या विकाराला साथरोग कायद्याखाली ‘अधिसूचित’ करण्यास राज्यांना सांगितले. हा कायदा १८९७ चा. मुंबई इलाख्यातील प्लेगच्या साथीमुळे तो जन्माला आला आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८९८ मध्ये, तो प्लेग बंगळूरला पोहोचला होता.

या बुरशीला वाट करून देण्यात एका जालीम औषधाचाही वाटा होता, हे विसरून चालणार नाही. ते औषध म्हणजे स्टिरॉइड. प्राणवायूची गरज लागलेल्या कोरोना रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडमुळे कमी होतात, हे जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीने दाखवून दिले. त्याच चाचणीने आणखी एक गोष्ट सांगितली होती. ज्यांना प्राणवायूची गरज नाही, त्यांना या औषधाचा लाभ होत नाही. पहिले वाक्य सर्वदूर पोहोचले, दुसरे तितक्या वेगाने पोहोचले नाही. घरीच विलगीकरणात असलेल्या, ज्यांची प्राणवायूची पातळी उत्तम होती अशा अनेकांनी स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या. त्यात मधुमेह असलेल्यांची साखर भडकली. औषध तेच, पण एकाला ते तारक ठरले आणि दुसऱ्याला मारक. फरक औषधाच्या ताकदीत नव्हता, ते कोणाला आणि केव्हा दिले यात होता.

छिद्रे पाडणारे औषध

म्युकरमायकोसिसवरील प्रमुख औषध अँफोटेरिसिन बी. पेनिसिलिनप्रमाणे तेही सूक्ष्मजीवाने निर्माण केलेले आहे. म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाने ते प्रतिजैविकच. फक्त त्याचा रोख जिवाणूंवर नसून बुरशीवर असतो. १९५० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएलाच्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून ते मिळाले.

त्याची काम करण्याची तऱ्हा समजली, की त्याचा धोकाही आपोआप समजतो. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो. अँफोटेरिसिन त्याला चिकटते आणि आवरणाला छिद्रे पाडते. आतील क्षार बाहेर झिरपतात आणि पेशी मरते. माणसाच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नसते, पण त्याचे भावंड शोभावे असे कोलेस्टेरॉल असते. औषध बुरशीला अधिक जोराने चिकटते, म्हणूनच ते औषध ठरते. तथापि काही प्रमाणात ते माणसाच्या पेशींनाही इजा करते. त्याची सर्वांत मोठी किंमत मोजतात ती मूत्रपिंडे. शरीरातील पोटॅशियम व मॅग्नेशियम वाहून जाते आणि त्याचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होऊ शकतो. सलाइनमधून औषध सुरू होताच हुडहुडी भरून ताप येणे तर नेहमीचेच. जगभरच्या डॉक्टरमंडळींत या औषधाच्या नावाला ‘टेरिबल’ हा शब्द जोडून केलेली एक कोटी पिढ्यानपिढ्या चालत आली आहे.

मग असे औषध द्यायचेच कशाला? खर्चाच्या बाजूची रक्कम मोठी असली, तरी जमेची बाजू पाहावयास हवी. डोळ्यापर्यंत गेलेल्या म्युकरमायकोसिसवर उपचार केले नाहीत तर रुग्ण वाचण्याची आशा जवळजवळ नसते. उपचार करूनही जुन्या नोंदींनुसार साधारण निम्मे रुग्ण दगावत असत. अशा वेळी मूत्रपिंडांवर ताण आणणारे औषध स्वीकारणे हा अविचार नसून विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. मात्र निर्णय झाला म्हणजे जबाबदारी संपली, असे नव्हे. औषध देण्याआधी सलाइन चढवायचे, ते तासन्‌तास सावकाश द्यायचे, क्रिएटिनिन व पोटॅशियमच्या तपासण्या वरचेवर करायच्या, मूत्रपिंडे कुरकुरू लागली की मात्रा बदलायची, हे सारे सव्यापसव्य करावे लागते. कर्ज मंजूर केल्यावर बँक जशी खात्यावर नजर ठेवते आणि हप्ता चुकण्याच्या पहिल्याच खुणेला सावध होते, तसेच हे. मूत्रपिंडांची इजा वेळीच ध्यानात आली, तर ती बरीचशी भरून येऊ शकते. ध्यानात आली नाही तर तोटा कायमचा ठरण्याचा संभव असतो.

पिंपरी, परळ आणि वर्धा

या औषधाच्या कथेत महाराष्ट्राची तीन ठिकाणे आहेत. पहिले पिंपरी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला आणि १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हॅमायसिन’ हे बुरशीविरोधी प्रतिजैविक शोधले. अँफोटेरिसिनच्याच कुळातील हे औषध भारतीय मातीतून निघाले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची आद्याक्षरे त्याच्या नावात आजही नांदत आहेत.

दुसरे ठिकाण मुंबईतील परळ. अँफोटेरिसिनचा विषारीपणा कमी करण्याची एक युक्ती शास्त्रज्ञांना सुचली होती. औषध स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, बंद करायचे, जेणेकरून ते मूत्रपिंडांना कमी आणि बुरशीला अधिक भिडेल. पाश्चात्त्य कंपन्यांचे असे औषध सामान्य भारतीय रुग्णाच्या आवाक्याबाहेरचे होते. केईएम रुग्णालय व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्ली विद्यापीठातील प्रा. बिमलकुमार बच्छावत यांच्या सहकार्याने भारतीय लायपोसोमल अँफोटेरिसिन विकसित केले आणि त्याच्या रुग्णांवरील चाचण्या केल्या. धोका आहे म्हणून औषध टाकून देणे किंवा धोका निमूट सोसणे, या दोन वाटांखेरीज धोकाच कमी करण्याची तिसरी वाट असते, हे या कामाने दाखवले.

तिसरे ठिकाण वर्धा. २०२१ च्या मे महिन्यात लायपोसोमल अँफोटेरिसिनचा देशभर तुटवडा झाला. ६० किलो वजनाच्या रुग्णाला किलोमागे ५ मिलिग्रॅम या हिशेबाने दिवसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या ६ कुप्या लागतात. उपचार तीन आठवडे चालला तर १२६ कुप्या. त्या वेळी एका कुपीची किंमत सुमारे ७,००० रुपये सांगितली जात होती. त्या दराने नुसत्या औषधाचा खर्च पावणेनऊ लाखांच्या वर जातो. अशा वेळी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या पुढाकाराने वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीत अँफोटेरिसिनच्या इमल्शन प्रकाराचे उत्पादन सुरू झाले आणि कुपीचा दर १,२०० रुपये असेल असे जाहीर करण्यात आले.

तोपर्यंत देशातील अनेक रुग्णालयांपुढे एकच पेच होता. सौम्य पण दुर्मिळ औषधाची वाट पाहायची, की मूत्रपिंडांना जड जाणारे पण हाताशी असलेले साधे अँफोटेरिसिन आजच सुरू करायचे? बुरशी थांबायला तयार नव्हती. वाट पाहण्याचीही एक किंमत असते आणि ती बहुधा ताळेबंदात लिहिली जात नाही. औषध न घेण्याचा धोका हादेखील धोकाच असतो.

चाळीस हजारांचे गणित

जमाखर्चाची ही रीत सर्वांत स्पष्टपणे समजते ती क्लोरॅम्फेनिकॉल या जुन्या प्रतिजैविकाच्या उदाहरणातून. योगायोगाने तेही व्हेनेझुएलाच्या मातीतूनच आले. १९४८ मध्ये क्वालालंपूर येथे ते विषमज्वराच्या, म्हणजे टायफॉइडच्या, रुग्णांना देण्यात आले आणि आठवडेच्या आठवडे न उतरणारा ताप काही दिवसांत उतरू लागला. त्यापूर्वी विषमज्वर झालेल्या शंभरांतील दहा ते वीस रुग्ण दगावत. योग्य प्रतिजैविकाने हे प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास आले.

पण या औषधाला एक भीषण खोट होती. फार थोड्या माणसांत ते हाडांच्या मज्जेतील रक्तनिर्मितीच बंद पाडते. साधारण २५,००० ते ४०,००० रुग्णांत एक, असे हे प्रमाण सांगितले जाते. हा विकार बहुधा प्राणघातक ठरे आणि कोणाला होईल हे आधी सांगता येत नसे.

आता मांडा हिशेब. विषमज्वराचे ४०,००० रुग्ण घेतले, तर औषधाविना किमान ४,००० दगावतील. औषधाने ही संख्या सुमारे ४०० वर येईल आणि औषधाच्या खोटीने आणखी एक-दोन जीव जातील. एका जिवाचेही मोल कमी नाही, तरीही हिशेब निःसंशय औषधाच्या बाजूने आहे. आता तेच औषध साध्या सर्दीपडशाच्या ४०,००० रुग्णांना दिले असे समजा. सर्दी विषाणूमुळे होते, प्रतिजैविकाचा तिच्यावर काडीचाही परिणाम होत नाही. जमेच्या रकान्यात शून्य. खर्चाच्या रकान्यात मात्र तोच एक जीव, जो औषध न देता सर्दीतून आठवडाभरात सहज बरा झाला असता.

औषध तेच, मात्रा तीच, धोकाही तितकाच. एका ठिकाणी तो स्वीकारणे हे शहाणपण आणि दुसऱ्या ठिकाणी तो अक्षम्य. तेव्हा ‘हे औषध धोकादायक आहे का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘या आजारात, या रुग्णाला, या औषधाचा लाभ त्याच्या धोक्याहून मोठा आहे का?’ हा खरा प्रश्न. आज विषमज्वरावर अन्य औषधे वापरली जातात, पण गणिताची रीत बदललेली नाही.

वाचलेला जीव, हरपलेले श्रवण

काही वेळा मात्र दोन्ही रकान्यांतील आकडे मोठे असतात. क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन हे पहिले प्रभावी औषध १९४३ मध्ये सापडले आणि राजयक्ष्म्याचा मृत्युलेख बदलता आला. पण या औषधाच्या आणि त्याच्या कुळातील कॅनामायसिनसारख्या इंजेक्शनांच्या वाट्याला एक अवगुण आलेला आहे. आतल्या कानातील ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसांच्या पेशी ती नष्ट करू शकतात. माणसाच्या बाबतीत या पेशी पुन्हा उगवत नाहीत. काही कुटुंबांत आईकडून येणाऱ्या एका जनुकीय बदलामुळे हा धोका फार वाढतो.

मुंबईच्या पत्रकार आणि भरतनाट्यम नर्तिका नंदिता वेंकटेशन यांना तरुणपणी दोनदा क्षयरोगाने गाठले. दुसऱ्या खेपेच्या उपचारात, २०१३ मध्ये, त्यांची श्रवणशक्ती गेली. जीव वाचला, पण त्यासाठी मोजावी लागलेली किंमत आयुष्यभराची होती. त्या पुन्हा नृत्याकडे वळल्या आणि क्षयरुग्णांच्या हक्कांविषयी बोलू लागल्या. कान न बिघडवणारे बेडाक्विलिन हे तोंडाने घ्यावयाचे नवे औषध तोवर आले होते. पण पेटंटची मुदत लांबली तर त्याच्या स्वस्त आवृत्त्या लांबणीवर पडणार होत्या. २०१९ मध्ये नंदिता वेंकटेशन आणि अशाच उपचारांत श्रवणशक्ती गमावलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी भारतीय पेटंट कार्यालयात या मुदतवाढीला विरोध नोंदवला. मार्च २०२३ मध्ये कार्यालयाने कंपनीचा तो अर्ज फेटाळला.

दरम्यान २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिनला औषधप्रतिरोधक क्षयरोगाच्या शिफारशींतून वगळण्याचा निर्णय जाहीर केला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने बेडाक्विलिनसह चार औषधांच्या, सहा महिन्यांच्या, केवळ गोळ्यांच्या उपचारक्रमाला मान्यता दिली. पूर्वी हाच उपचार वीस महिन्यांपर्यंत लांबत असे. नव्या औषधांनाही किंमत आहेच. बेडाक्विलिन हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करू शकते, म्हणून ईसीजी काढावा लागतो. सोबतचे लिनेझोलिड रक्तपेशी आणि पायांच्या नसांना त्रास देऊ शकते, म्हणून रक्ततपासण्या कराव्या लागतात. पायांना मुंग्या येतात हे रुग्णाने वेळेवर सांगावे लागते. तेव्हा हिशेब एकदाच मांडून मिटत नाही. नवे ज्ञान आले, नवे औषध आले, की वही पुन्हा उघडावी लागते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. ही हकिगत वाचून कोणी क्षयरोगाचे औषध मध्येच सोडले, तर तो तिचा विपरीत अर्थ ठरेल. अर्धवट उपचाराने जंतू मरत नाहीत, शिरजोर होतात, आणि मग साध्या गोळ्यांच्या जागी अधिक जालीम औषधे घ्यावी लागतात.

तिसरा रकाना

आतापर्यंतच्या हिशेबात दोनच रकाने होते, रुग्णाचा लाभ आणि रुग्णाचा धोका. प्रतिजैविकांच्या वहीत तिसराही रकाना असतो. हृदयविकाराची किंवा मधुमेहाची गोळी एकाने घेतली म्हणून ती दुसऱ्यासाठी निकामी होत नाही. प्रतिजैविकाचे तसे नाही. त्याचा प्रत्येक वापर जंतूंना प्रतिकाराचा धडा देतो आणि तो धडा घेतलेले जंतू घराघरांत, रुग्णालयांत, सांडपाण्यात फिरतात. प्रतिजैविकांची परिणामकारकता ही सर्वांची मिळून एक ठेव आहे. कोणीही त्यातून काढू शकतो, पण भरणा करणे मात्र फार दुर्घट आहे. नवी प्रतिजैविके सापडण्याचा वेग पूर्वीच्या मानाने अगदीच मंदावला आहे.

या रकान्याची जाणीव नवी नाही. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मधील नोबेल व्याख्यानातच बजावले होते, की अपुऱ्या मात्रेत घेतलेले पेनिसिलिन जंतूंना प्रतिकार शिकवील. भारतात त्याचा प्रत्यय क्लोरॅम्फेनिकॉलनेच दिला. १९७२ मध्ये केरळातील कालिकत येथे या औषधाला न जुमानणाऱ्या विषमज्वराची साथ उद्भवली. ज्या औषधाने शंभरांतील कित्येक जीव वाचवले, त्याच्या जमेचा आकडा असा घसरू लागला. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट जिवाणूंच्या औषधप्रतिकारामुळे घडले.

परिणाम असा, की मूत्रपिंडांना घातक म्हणून १९७० च्या दशकात बाजूला पडलेले कोलिस्टिन हे औषध डॉक्टरांना अडगळीतून पुन्हा बाहेर काढावे लागले. अतिदक्षता विभागात अन्य काहीच चालेनासे झाले की ते वापरतात. ते टिकावे म्हणून भारत सरकारने २०१९ मध्ये कोंबड्या व अन्य पशुखाद्यातील त्याच्या वापरावर बंदी घातली. १ मार्च २०१४ पासून अनेक महत्त्वाची प्रतिजैविके ‘एच-१’ अनुसूचीत असून, ती विकताना दुकानदाराने डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव नोंदवहीत लिहिणे आणि ती वही तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. गोळ्यांच्या पाकिटावरील उभी लाल रेघ हीच गोष्ट ग्राहकाला सांगते. ही वस्तू चिठ्ठीशिवाय मागायची नाही. एवढे असूनही कोरोनाच्या काळात अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या घरोघरी घेतल्या गेल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील दोन मोठ्या चाचण्यांत कोरोनावर त्यांचा उपयोग दिसून आला नाही. तेथेही जमा शून्य आणि खर्च मात्र सर्वांच्या नावे पडला.

‘स्ट्राँग’ म्हणजे काय?

दुकानात ‘स्ट्राँग’ गोळ्या मागणाऱ्याच्या मनात बहुधा अशी कल्पना असते, की प्रतिजैविकांची एक शिडी आहे आणि वरच्या पायरीवरचे औषध सर्वच जंतूंना अधिक जोराने मारते. वास्तव निराळे आहे. घशाला होणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या संसर्गावर जुने, साधे पेनिसिलिन आजही उत्तम काम करते. त्याकडे दुर्लक्ष झाले तर काही मुलांना संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. त्या टाळण्यासाठी दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. याउलट ज्याला लोक ‘जबर’ म्हणतात ते औषध बहुधा अनेक जातींच्या जंतूंवर एकदम मारा करणारे असते. त्यात आतड्यातील उपकारक जंतूही बळी पडतात आणि प्रसंगी तीव्र अतिसार जडतो. नेमक्या जंतूवर नेमके औषध, हेच खरे सामर्थ्य.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून प्रतिजैविकांचे तीन गट केले आहेत. सहज वापरावयाची, जपून वापरावयाची आणि राखून ठेवावयाची. प्रत्येक समंजस कुटुंब पैशाबाबत हेच करते. रोजच्या खर्चाला बचत खाते, मोठ्या कामाला मुदत ठेव आणि केवळ आणीबाणीसाठी दागिने. भाजी आणायला कोणी दागिने गहाण टाकत नाही.

रुग्णाने काय विचारावे?

निर्णय डॉक्टरांचा असला तरी त्यात रुग्णाला वाटा असतो. डॉक्टरांपुढे बसल्यावर पुढील प्रश्न अदबीने पण निःसंकोच विचारावेत. हा आजार जिवाणूंचा आहे की विषाणूंचा? एक-दोन दिवस थांबून पाहणे सुरक्षित आहे का? औषध सुरू करण्यापूर्वी रक्त, लघवी किंवा थुंकीची तपासणी करणे उपयुक्त ठरेल का? या औषधाचे कोणते दुष्परिणाम दिसले तर ताबडतोब कळवायचे? औषध नेमके किती दिवस घ्यायचे?

काही गोष्टी रुग्णाने आपणहून सांगावयाच्या असतात. पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आले, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार आहे का, गर्भारपण, मधुमेह, चालू असलेल्या अन्य गोळ्या, आणि घरात इंजेक्शनांनंतर कोणाला बहिरेपण आले होते का. बँकेत कर्जाच्या अर्जावर माहिती दडवली तर नुकसान पैशाचे होते. येथे ते जिवाचे असते.

किती दिवस हे सर्वांना सारखे नसते. काही संसर्गांत अल्प काळाचा उपचारही पुरतो असे आता दिसून आले आहे, तर क्षयरोगात महिनोन्‌महिने गोळ्या घ्याव्याच लागतात. म्हणून दिवस ठरविण्याचे काम डॉक्टरांवर सोपवावे. बरे वाटले म्हणून आपण होऊन थांबू नये आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी किंवा शेजाऱ्यासाठी जपून ठेवू नयेत. आणि डॉक्टर ‘प्रतिजैविकाची गरज नाही’ म्हणाले, तर त्यांनी काहीच दिले नाही असे समजू नये. त्या दिवशी त्यांनी रुग्णाचा धोका वाचवलेला असतो आणि सर्वांच्या ठेवीलाही हात लावलेला नसतो.

पुन्हा शिवाजीनगर

१८९८ च्या प्लेगात बंगळूरच्या डॉक्टरांपाशी अशी तुलना करण्याची सोयच नव्हती. हाफकिन यांची लस नवी होती आणि रोग जडल्यावर तो बरा करील असे एकही औषध अस्तित्वात नव्हते. त्याच साथीत, त्यापूर्वीच्या वर्षी, पुण्यात प्लेगग्रस्त मुलाला उपचारासाठी नेणाऱ्या सावित्रीबाई फुले स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. आज तोच प्लेग वेळीच ओळखला, तर काही दिवसांच्या प्रतिजैविकाने बरा होतो. जालीम औषधांना नावे ठेवताना त्या काळाचे स्मरण ठेवावे.

त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, त्याच शहरातील बाउरिंग रुग्णालयात, बुरशीने गाठलेल्या माणसांसाठी एक औषध उपलब्ध होते. ते मूत्रपिंडांना जड होते, महाग होते, दुर्मिळ होते, पण होते. आणि ते देताना रोज क्रिएटिनिनचा आकडा पाहणारे, मात्रा कमीजास्त करणारे डॉक्टर व परिचारिका होत्या. शक्तिशाली औषधाकडे पाहण्याची योग्य दृष्टी त्यांच्यापासून शिकावी. भिऊन ते नाकारायचे नाही, मोहाने ते मागायचे नाही. गरज असेल तेव्हा ते पुरे घ्यायचे आणि घेत असताना रोजचा हिशेब डोळ्यांआड होऊ द्यायचा नाही.